अडतीस हजारांतले सोळाशे

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पनवेलला लागून असलेल्या कळंबोलीला सुरू होतो आणि ९४.५ किलोमीटरवर संपतो. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. असे ४,०६८ द्रुतगती मार्ग एकापुढे एक जोडले की चंद्र गाठला. ताशी शंभरच्या वेगानं, वाटेत कुठेही न थांबता, १६० दिवसांचा प्रवास. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. तिथवर जायला असे जवळपास १६ लाख मार्ग लागतील आणि त्याच वेगानं १७१ वर्षं.

चंद्रावर माणूस पाठवायचा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष पहिल्या अंतराकडे जातं. रॉकेट किती मोठं, इंधन किती, यान किती जड, हे प्रश्न साहजिकच आधी सुचतात. पण चंद्रावर पाऊल ठेवलेल्या माणसाचा जीव वाचेल की नाही, हे ठरवताना दुसरं अंतरही तितकंच महत्त्वाचं असतं. चंद्रावर ना हवा आहे, ना चुंबकत्वाचं कवच. तिथे सूर्य आणि माणूस यांच्यामध्ये आडवं येणारं काहीही नाही.

कळंबोलीच्या त्याच परिसरात, नवीन पनवेलमध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. इथे रॉकेट बनत नाही, यान जोडलं जात नाही. इथे मोजलं जातं: पृथ्वीचं चुंबकत्व, आणि सूर्याच्या माऱ्यानं त्यात पडणारा फरक. चांद्रमोहिमांच्या तयारीत ज्या भल्यामोठ्या आकड्यांची चर्चा होते, त्यांच्या जोडीला हे छोटे आकडे मांडल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आणि या छोट्या आकड्यांची फार जुनी, फार मोलाची वही आपल्या कोकणपट्टीत लिहिली गेली आहे.

६४० टन आणि २६ किलो

आधी मोठे आकडे. १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ उडालं. ते वाहून नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट ४३.५ मीटर उंच आणि ६४० टन वजनाचं होतं. त्याच्या दोन्ही अंगांना लावलेल्या बूस्टरांत प्रत्येकी २०५ टन घन इंधन भरलेलं. सव्वादोन मिनिटांच्या आत-बाहेर ते सगळं जळून जातं. दर सेकंदाला तीन टनांहून जास्त इंधनाची राख.

या रॉकेटात महाराष्ट्राचे हात बरेच आहेत. ३.२ मीटर व्यासाच्या त्या बूस्टरांचे काही भाग लार्सन अँड टुब्रोच्या पवईच्या कारखान्यात घडले. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजनंही बूस्टरांसाठी काम केलं. मधल्या टप्प्याची विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेज एरोस्पेसमधली.

एवढ्या अवाढव्य रॉकेटानं वर नेलं ३,९०० किलो. त्यातलं विक्रम लँडर १,७५२ किलोचं आणि त्याच्या पोटातला प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा. भागाकार करून पाहा. प्रज्ञानच्या एका किलोसाठी जमिनीवरून २४,६०० किलो उचलावे लागले. हा रोव्हर चंद्रावर शंभर मीटरच्या आसपास चालला, आणि चंद्रावर सूर्य मावळायची वेळ जवळ आली तसा कायमचा थांबला. यंत्राच्या बाबतीत हे यशच. माणसाच्या बाबतीत असं थांबणं चालत नाही, त्याला परत आणावं लागतं.

परतीच्या वाटेवरचं आपलं पहिलं पाऊल ३ सप्टेंबर २०२३ चं. त्या दिवशी विक्रमनं इंजिन पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी मारली आणि थोडं बाजूला सुखरूप उतरलं. चंद्रापासून घरापर्यंतचं अंतर त्या उडीच्या ९६ कोटी पट आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेतली प्रत्येकी २२० किलोची दोन यानं अवकाशात एकमेकांना जोडली गेली. असं करणारा भारत चौथा देश ठरला. चंद्रावरची माती घेऊन येणाऱ्या चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, खर्च २,१०४ कोटी रुपये. जपानबरोबरच्या पुढच्या मोहिमेतला रोव्हर २५० किलोचा असेल, प्रज्ञानच्या जवळजवळ दसपट. आणि २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर, हे देशानं जाहीर केलेलं उद्दिष्ट आहे.

आजवर चंद्रावर बारा माणसं चालली. १९६९ ते १९७२ या काळात सहा मोहिमांमध्ये, यानाबाहेर, उघड्यावर त्यांनी काढलेला सगळा वेळ मिळवला तर सुमारे ८० तास भरतात. साडेतीन दिवसही नाहीत. उघड्या चंद्रभूमीवर वावरण्याचा साऱ्या मानवजातीचा अनुभव एवढाच आहे. यापुढच्या मोहिमांना तिथे आठवडे आणि महिने काढायचे आहेत. म्हणून आता छोट्या आकड्यांकडे वळायला हवं.

०.२५ ग्रॅम

पनवेलच्या एसटी स्थानकात उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाच्या डोक्यावर, दर चौरस सेंटिमीटरवर, १,०३० ग्रॅमच्या आसपास हवा असते. एक चौरस मीटरचा हिशेब केला तर दहा टनांहून जास्त. आपल्याला ती जाणवत नाही, पण अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांना ती जाणवते. त्यांतले बहुतेक कण या हवेत अडकून विरतात.

याच मापानं अवकाशातली कवचं मोजू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या भिंती दर चौरस सेंटिमीटरला १५ ग्रॅमच्या घरात. अपोलो यानाचं कवच ७ ते ८ ग्रॅम. आणि चंद्रावर चालणाऱ्याच्या अंगावरचा पोशाख पाव ग्रॅम. आपल्या डोक्यावरच्या हवेशी तुलना केली तर चार हजारांत एक भाग.

यावर उपाय म्हणून मातीचं घर सुचवलं जातं. चंद्राचीच माती घरावर दोन-तीन मीटर जाडीची पसरायची. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद छपरावर तीन मीटर मातीचा थर द्यायचा तर ३०० घनमीटर माती लागेल, वजन ४८० टनांच्या आसपास. अमेरिकेचं एसएलएस रॉकेट चंद्राच्या दिशेनं एका वेळी सुमारे २७ टन नेऊ शकतं. नुसतं छप्पर पृथ्वीवरून न्यायचं म्हटलं तर अठरा उड्डाणं लागतील. तेव्हा माती तिथलीच वापरायची, हे ओघानंच आलं. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि इस्रो यांनी चंद्रासारख्या मातीत जिवाणू, युरिया आणि गवार डिंक मिसळून विटा घडवून पाहिल्या, त्या यासाठीच.

छपराला दुसरंही एक कारण आहे. विक्रमवरच्या तापमापक सळईनं चंद्राच्या मातीत शिरून जे मोजलं, त्याचा पहिला आलेख इस्रोनं ऑगस्ट २०२३ मध्ये दाखवला. पृष्ठभागावर तापमान ५० अंश सेल्सियसच्या वर होतं आणि ८ सेंटिमीटर खाली उणे १० च्या आसपास. चार बोटांच्या खोलीत साठ अंशांचा फरक. ही माती उष्णता जवळपास वाहूच देत नाही. जो थर किरणांपासून वाचवील, तोच थर भाजण्यापासून आणि गारठण्यापासूनही वाचवील.

४२ तास

चंद्राच्या पृष्ठभागावर किरणांचा मारा नेमका किती, हे चीनच्या चांग-अ-४ यानावरच्या उपकरणानं मोजलं आणि २०२० मध्ये आकडा प्रसिद्ध झाला: दिवसाला १,३६९ मायक्रोसीव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक). अवकाश स्थानकातल्या माणसाला मिळणाऱ्या मात्रेच्या २.६ पट.

पृथ्वीवर राहणाऱ्या माणसाला खडक, हवा, अन्न आणि आकाश या सगळ्यांतून मिळून वर्षभरात सरासरी २,४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतात. चंद्रावर उघड्यावर तेवढे मिळायला ४२ तास पुरतात. इथलं अख्खं वर्ष तिथे पावणेदोन दिवसांत उरकतं. नासानं आपल्या अंतराळवीरांसाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६ लाख मायक्रोसीव्हर्ट ठरवली आहे. भागाकार केला की उत्तर येतं ४३८ दिवस. आडोसा नसेल तर दीड वर्ष भरायच्या आत माणसाची आयुष्यभराची शिल्लक संपते.

नोव्हेंबर २०२२ मधल्या आर्टेमिस-१ मोहिमेत माणूस नव्हता, पण माणसाच्या धडाच्या दोन प्रतिकृती होत्या, हेल्गा आणि झोहर. स्त्रीच्या शरीरातली हाडं, फुप्फुसं, मऊ पेशी यांची नक्कल करणाऱ्या पदार्थांतून त्या घडवलेल्या होत्या, आणि दोघींच्या आत मिळून दहा हजारांहून जास्त संवेदक बसवले होते. झोहरच्या अंगात संरक्षक जाकीट होतं, हेल्गाच्या नव्हतं. दोघी चंद्राला वळसा घालून आल्या. कुठल्या अवयवापर्यंत किती मारा पोचतो आणि जाकिटानं त्यातला किती अडतो, हे समजून घ्यायला एवढा खटाटोप करावा लागतो.

पण हे सगळे आकडे शांत दिवसांचे आहेत. सूर्य रोज शांत नसतो.

साडेचौदा तास

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो-१६ चे अंतराळवीर चंद्रावरून परतले. डिसेंबरमध्ये अपोलो-१७ निघालं. या दोन मोहिमांच्या मधोमध, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सूर्यावर एकामागून एक स्फोट झाले. ४ ऑगस्टला पृथ्वीवर आदळलेला विद्युतभारित कणांचा लोट सूर्यापासून इथवर साडेचौदा तासांच्या आसपास पोचला. एरवी अशा लोटांना दोन ते चार दिवस लागतात. हा आजवरचा सर्वांत वेगवान नोंदलेला प्रवास आहे. व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या नौदलानं पेरलेले चुंबकीय सुरुंग त्या दिवशी जवळ एकही जहाज नसताना फुटले. चुंबकत्वात अचानक झालेला बदल त्यांना जहाजासारखा वाटला.

त्या वेळी कोणी चंद्रावर चालत असतं तर? नासाच्या अभ्यासकांचा अंदाज असा, की पोशाखात असलेल्या माणसाला सुमारे ४ सीव्हर्ट मात्रा मिळाली असती. वरचा रोजचा आकडा धरला तर आठ वर्षांचा मारा, काही तासांत. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेतेल, एवढा. यानाच्या आत असता तर तोच आकडा दहाव्या हिश्श्याच्याही खाली आला असता. पाव ग्रॅमचं कवच आणि आठ ग्रॅमचं कवच यांत जगण्या-मरण्याचा फरक आहे, आणि त्या आठ ग्रॅमांच्या आत वेळेवर शिरायचं तर आधी कळायला हवं.

किती आधी? सूर्यावरच्या भडक्याचा प्रकाश आपल्यापर्यंत ८ मिनिटं २० सेकंदांत पोचतो. सर्वांत वेगवान कण त्याच्यामागून काही मिनिटांत ते काही तासांत येऊन थडकतात. चंद्रावर यानापासून दोन-चार किलोमीटर लांब गेलेल्या माणसाच्या हाती एवढाच वेळ. म्हणून भडका दिसल्यावर धावणं पुरेसं नाही. सूर्य कधी बिथरतो, किती बिथरू शकतो, आणि शंभर-दोनशे वर्षांतला त्याचा सर्वांत वाईट दिवस कसा असतो, हे घर बांधण्याआधी माहीत असावं लागतं. पूररेषा पाहिल्याशिवाय नदीकाठी घर बांधत नाहीत, तसंच हे.

सूर्याची पूररेषा आखायची तर जुनी नोंद हवी. अवकाशयानांचं युग १९५७ नंतरचं. त्याआधीचं कोणी मोजून ठेवलं?

१,६०० नॅनोटेस्ला

ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये मुंबईत कुलाब्याला वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली आणि १८४६ पासून ते काम अखंड चालू झालं. पद्धत चिकाटीची होती. खोलीत चुंबक टांगलेला. त्याचं अगदी बारीकसं वळणं दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचं आणि वहीत आकडा लिहायचा. तासातासाला, दिवसा आणि रात्रीही. चुंबक जास्त हलायला लागला तर काही-काही मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग रेखाटत असताना त्यांना डागांजवळ लख्ख प्रकाश फुटलेला दिसला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास, २ सप्टेंबरच्या सकाळी, कुलाब्याच्या खोलीतला चुंबक जागचा हलला. सूर्यापासून सुटलेला लोट सेकंदाला सरासरी २,३५० किलोमीटरच्या वेगानं येऊन पृथ्वीच्या चुंबकीय ढालीवर आदळला होता. या वेगात कळंबोलीचा तो द्रुतगती मार्ग एका सेकंदात पंचवीस वेळा पार होतो.

मुंबई-अलिबाग पट्ट्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक ३८ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असतो; नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. त्या सकाळी काही तासांच्या आत तो सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला. अडतीस हजारांतले सोळाशे, शेकडा चार. ऐकायला किरकोळ. पण १९८९ च्या मार्चमध्ये सूर्यामुळे उठलेल्या ज्या चुंबकीय वादळानं कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या ६० लाख लोकांची वीज नऊ तास घालवली, त्याचा जागतिक सरासरीचा आकडा होता ५८९. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले इथून आकाश लाल झालेलं दिसलं, त्या वादळाचा आकडा ४०० च्या थोडा वर.

आणखी एक तुलना मला सर्वांत जास्त थक्क करते. चंद्राला आज पृथ्वीसारखं सर्वदूर चुंबकत्व नाही, फक्त खडकांत अडकलेले जुने तुकडे आहेत. अंतराळवीरांनी चंद्रावर प्रत्यक्ष मोजलेलं सर्वांत प्रबळ क्षेत्र अपोलो-१६ च्या जागेवरचं, ३२७ नॅनोटेस्ला. १८५९ च्या त्या सकाळी मुंबईनं काही तासांत जेवढं चुंबकत्व गमावलं, ते अंतराळवीरांना चंद्रावर कुठेही सापडलेल्या क्षेत्राच्या जवळजवळ पाचपट होतं. आणि तेवढं गमावूनही आपल्याकडे छत्तीस हजारांवर उरलं. आपण किती जाड ढालीखाली राहतो आणि चंद्रावरचा माणूस किती उघडा असतो, हे या तीन आकड्यांत आलं.

त्या दिवशी युरोपातल्या अनेक उपकरणांच्या नोंदी पट्टीबाहेर गेल्या. कमी अक्षांशावरच्या कुलाब्याची नोंद मात्र शाबूत राहिली. ती वहीत पडून होती. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना व सोभना अ‍ॅलेक्स यांनी तिच्यावरून हिशेब मांडला, की या वादळाची जागतिक तीव्रता उणे १,७६० नॅनोटेस्लांच्या घरात असावी. जगभरात आज 'सर्वांत वाईट दिवस' म्हणून जो आकडा चर्चेत असतो, त्याच्या मुळाशी कुलाब्याची ती वही आहे. आणि असे दिवस इतिहासजमा झालेले नाहीत. २३ जुलै २०१२ रोजी याच तोडीचा लोट सूर्यातून सुटला होता. आपली दिशा चुकली, एवढंच.

मुंबईहून अलिबाग, अलिबागहून पनवेल

ही मालिका मध्येच तुटायची वेळ आली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. ट्रामचा वीजप्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि जवळच्या चुंबकाला हलवतो. कुलाब्याच्या नोंदीत सूर्य कुठला आणि ट्राम कुठली, हे ओळखणं अशक्य झालं असतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागची जागा निवडली. बांधकामात लोखंड येणार नाही अशी काळजी घेऊन, चुंबकत्व नसलेला दगड वापरून तिथे वेधशाळा उभी राहिली. १९०४ पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं. दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले, फरक पक्का केला आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. तोवर मालिका सुखरूप पलीकडे पोचली होती.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा गोष्टींना ठळक मथळे मिळत नाहीत. पण ती दोन वर्षं वाचवायचा मोह झाला असता, तर १८४६ ते १९०४ चे आकडे आणि त्यानंतरचे आकडे एकमेकांना जोडताच आले नसते. सूर्याची पूररेषा आखायला लागणारी दोरी मधोमध तुटली असती.

१९७१ मध्ये या कामासाठी भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. पुढे मुख्यालय नवीन पनवेलला आलं. देशभरातल्या डझनभर चुंबकीय वेधशाळा आणि अंटार्क्टिकावरची मोजमापं ही संस्था सांभाळते. आजची उपकरणं नॅनोटेस्लाचा दहावा भागही टिपतात. अडतीस हजारांत एक दशांश, म्हणजे ३ लाख ८० हजारांत एक. पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचं अंतर एका किलोमीटरपर्यंत अचूक सांगावं, तेवढी ही बारकाई.

एका घनमीटरमधले कण

पनवेलचं काम पृथ्वीपाशी थांबत नाही. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास वेगानं अखंड वाहत असतो. चंद्र त्याच्या वाटेत उभा राहिला की मागे पोकळी तयार होते आणि तिच्या कडांवर विद्युत लहरी उठतात. २०१७ मध्ये पनवेलच्या संशोधकांनी, चंद्राजवळून गेलेल्या यानानं टिपलेल्या अशा लहरी कशा निर्माण होत असतील याची गणिती मांडणी प्रसिद्ध केली. चंद्रामागच्या पोकळीचं हे शास्त्र पुढे तिथे संदेशवहन आणि उपकरणं सांभाळणाऱ्यांच्या कामी येणार आहे.

विक्रमवरच्या रंभा उपकरणानं दक्षिण ध्रुवाकडच्या भागात पृष्ठभागाजवळ मोजलेला आकडा होता: एका घनमीटरमध्ये ५० लाख ते ३ कोटी इलेक्ट्रॉन. आकडा मोठा वाटतो. पण पनवेलच्या हवेच्या एका घनमीटरमध्ये २५ वर २४ शून्यं इतके रेणू असतात. चंद्राजवळचा तो पसारा म्हणजे जवळपास काहीच नाही, तरीही तो सगळा विद्युतभारित असल्यामुळे जमीन भारित होते, आणि भारित जमिनीवरची बारीक धूळ पोशाखाला, सांध्यांना, काचांना चिकटून बसते. अपोलोच्या अंतराळवीरांना या धुळीनं हैराण केलं होतं.

आणखी एक गंमत पौर्णिमेची. सूर्यवाऱ्याच्या रेट्यानं पृथ्वीचं चुंबकीय कवच सूर्याच्या विरुद्ध दिशेला लांब शेपटीसारखं ताणलं जातं. ते चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे जातं. दर पौर्णिमेच्या आसपास पाच-सहा दिवस चंद्र या शेपटीतून जातो. बाकीचे दिवस तो सूर्यवाऱ्यात उघडा. चंद्रावर राहणाऱ्या माणसाचं हवामान असं तिथीनुसार बदलणार आहे.

१५ लाख किलोमीटरवरचा पहारेकरी

जमिनीवरची नोंद कितीही जुनी असली तरी तिची मर्यादा आहे. १९७२ चं वादळ आजवर सर्वांत वेगानं आलं, पण पृथ्वीवरचा जागतिक आकडा जेमतेम उणे १२५ नॅनोटेस्लांपर्यंतच गेला. त्या लोटातल्या चुंबकत्वाची दिशा आपल्या सुदैवानं उलट होती. चंद्रावरच्या माणसाला मात्र या सुदैवाचा काहीच उपयोग झाला नसता, कारण त्याला मारणारे कण चुंबकत्वाची दिशा विचारत बसले नसते. तेव्हा एकटी जमिनीवरची नोंद पुरत नाही. सूर्याकडेही थेट पाहावं लागतं.

त्यासाठी आदित्य-एल १ आहे. २ सप्टेंबर २०२३ ला उडालेलं हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या जागी स्थिरावलं. त्याच्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनं घडवली. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश या शास्त्रज्ञांनी त्या कामाचं नेतृत्व केलं. सूर्यावर भडका कुठे आणि कसा पेटतो हे ती दुर्बीण पाहते. यानावर चुंबकत्वमापकही आहे. कॅरिंग्टनच्या वेगानं येणारा लोट या पहारेकऱ्याला ओलांडून पृथ्वीपर्यंत यायला जेमतेम दहा-अकरा मिनिटं घेईल. तेवढ्यात चंद्रावरच्या माणसाला मातीच्या छपराखाली शिरायचं आहे. सूर्याकडे पाहणारा पुण्याचा डोळा आणि पृथ्वीची नाडी धरून बसलेला अलिबागचा हात, दोन्ही लागणार आहेत.

१९४ वर्षं

ठरल्याप्रमाणे २०४० पर्यंत एखादा भारतीय चंद्रावर चालला, तर त्या वर्षी कुलाब्याला सुरू झालेल्या अखंड नोंदीला १९४ वर्षं झालेली असतील. त्या माणसाचा पोशाख किती जाड, तो यानापासून किती लांब जाईल, छपरावर माती किती हवी, हे ठरवताना जे आकडे वापरले जातील, त्यांत १८५९ च्या त्या सकाळी पट्टीवरून नजर न हटवणाऱ्या वेधशाळेची मेहनत असेल.

म्हणून मला ठामपणे एक सांगायचं आहे. रॉकेटसाठी पैसा उभा करता येतो. नवं इंजिन दहा वर्षांत घडतं. गेलेल्या दिवसाचं मोजमाप मात्र कितीही पैसा ओतला तरी परत मिळत नाही. ज्या रात्री वही कोरी राहिली, ती रात्र कायमची गेली. रायगड जिल्हा झपाट्यानं बदलतो आहे. विमानतळ, महामार्ग, टॉवर, वीजवाहिन्या पनवेलपासून समुद्रापर्यंत पसरत आहेत, आणि विकास व्हायलाच हवा. पण १९०४ मध्ये मूस यांनी जो नियम पाळला तो आजही लागू आहे: वेधशाळेभोवतीची चुंबकीय शांतता आधी जपायची, आणि ती धोक्यात येणार असेल तर दुसरी जागा तयार करून, दोन वर्षं दोन्हीकडे मोजून, मगच पहिली सोडायची.

पनवेल-अलिबागच्या शाळांमधून मुलांना थुंबा आणि श्रीहरिकोटा माहीत असतात. आपल्याच जिल्ह्यात सूर्याच्या रागाची पावणेदोन शतकांची नोंद सांभाळली जाते, हेही त्यांना माहीत असायला हवं. चंद्रावर जाणाऱ्या पुढच्या पिढीत इंजिनं घडवणारे लागतील, यान चालवणारे लागतील, तसेच दर तासाला न चुकता आकडा लिहिणारेही लागतील. त्या कामाला आपल्याकडे नवी सुरुवात करावी लागत नाही. ते चालू आहे, फक्त थांबू द्यायचं नाही.